‘श्यामची आई’ दाखवताय ना? मग जप्ती पण दाखवा

मंडळी, पोस्ट लांब आहे. आत्ता वेळ नसेल तर सेव्ह करून ठेवा, रात्री जेवणं झाल्यावर वाचा. कोणाला राग आला तर सरळ फोन करा, स्टेटसला टोमणे लावू नका. लांज्यात आपण रोज एकमेकांना भेटतो, उद्या बाजारपेठेत तोंड फिरवायची पाळी नको.

काल २४ डिसेंबर. साने गुरुजींची जयंती. तालुक्यातल्या एका शाळेत ‘श्यामची आई’ सिनेमा दाखवणार म्हणून बातमीला गेलो होतो. शाळेचं नाव लिहीत नाही, कारण कालच्या दिवशी महाराष्ट्रातल्या निम्म्या शाळांत हेच चाललं असणार. पोरं सतरंजीवर, पालक मागे प्लास्टिकच्या खुर्च्यांवर, पुढे भिंतीवर पांढरी चादर. १९५३ चा अत्र्यांचा सिनेमा. वनमालाबाईंचा तो चेहरा पडद्यावर आला आणि खरं सांगतो, चुळबुळणारी चौथीची पोरंसुद्धा गप्प झाली. बहात्तर वर्षांपूर्वीचा काळा-पांढरा सिनेमा, आवाज मधेच खरखरतोय, तरी पोरं गप्प. ही ताकद आहे त्या चित्राची.

मग काय झालं? तळपाय धुण्याचा प्रसंग झाला. पोहायला न जाणाऱ्या श्यामला आईने चोप दिला, पोरं हसली. गाणं झालं, मागच्या बायकांनी गुणगुणलं. आणि नंतर सरांनी लॅपटॉपवर बोट फिरवून सिनेमा पुढे पळवला. घरावर कर्ज झालेलं, सावकाराचा तगादा, जप्ती, सगळं दहा सेकंदांत सर्र्कन गेलं. थेट आई गेली तिथे आणून ठेवलं. पोरांना कळेचना की कालपर्यंत चांगली असलेली ही बाई मेली कशाने. मी सरांना हळूच विचारलं तर म्हणाले, “अहो, अडीच तासांचा आहे, पाहुण्यांना पुढे कार्यक्रम आहे. आणि तो भाग मुलांना जरा जड जातो.”

पाहुणे उठले. पाहुणे आमच्या तालुक्यात जमिनीच्या व्यवहारातलं मोठं नाव. त्यांनी वीस मिनिटं पोरांना सांगितलं की आईचं ऐका, मोबाईल कमी बघा, संस्कार जपा. टाळ्या. नारळ, शाल. मला पण एक गुलाबाचं फूल मिळालं.

रात्री बातमी लिहायला बसलो आणि हात चालेना. चार ओळींची बातमी कशीबशी पाठवली. आज तुम्ही वाचली असेल. ती बातमी म्हणजे मी केलेली लबाडी आहे. खरी बातमी ही आहे की पोरांपासून या गोष्टीचा कणाच लपवला.

मुळात ‘श्यामची आई’ कशाची गोष्ट आहे? आपण ती पाठ करून करून गुळगुळीत केली आहे, म्हणून पहिल्यापासून सांगतो. दापोली तालुक्यातलं पालगड. आपल्याच जिल्ह्यातलं गाव, इथून गाडीने चार-पाच तासांची वाट. (हायवेची कामं बघता जास्तच धरा.) तिथलं साने घराणं, मूळचं खोताचं, खाऊनपिऊन सुखी. मग भाऊबंदकी होते, हिस्से होतात, घर सुटतं, कर्ज वाढत जातं. जमिनीचा तुकडा विकून मोकळे होऊ, असं आई सांगते. घरचा कर्ता तिला बायकांना काय कळतं म्हणून गप्प करतो. मग सावकाराचा वसुलीचा माणूस ओटीवर येऊन बसतो आणि नको ते बोलतो. एरवी मान खाली घालून वावरणारी ती बाई आतून तरातरा बाहेर येते आणि त्याला खडसावते. पुढे घरावर जप्ती येते, गावात दवंडी पिटली जाते. आई अंथरूण धरते ती उठत नाही. औषधपाण्याला पैसा नाही, श्याम शिकायला लांब, शेवटची भेट नाही.

गुरुजींनी हे फेब्रुवारी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात पाचेक दिवसांत झपाटल्यासारखं लिहिलं. १९३५ ला पुस्तक आलं. त्यांची स्वतःची आई, यशोदाबाई, १९१७ ला गेली. म्हणजे तब्बल सोळा वर्षं तो माणूस हे सगळं पोटात घेऊन हिंडत होता. तुरुंगात कशासाठी होता? आईच्या आठवणी काढायला नव्हे, इंग्रज सरकारशी भांडला म्हणून होता. खानदेशात शेतकऱ्यांचा सारा माफ व्हावा म्हणून, गिरणी कामगारांसाठी हा माणूस उन्हातान्हात फिरला. १९३६ च्या फैजपूर काँग्रेससाठी गावोगाव हिंडला. १९४७ च्या मे महिन्यात पंढरपूरला विठ्ठलाचं देऊळ सगळ्यांना खुलं व्हावं म्हणून उपोषणाला बसला. आपण त्याचं काय केलं? गोड बोलणारे, रडवे गुरुजी. फोटोला हार आणि “मातृहृदयी” ही पदवी.

कर्ज हा त्या पुस्तकाचा आणि सिनेमाचा कणा आहे. तळपाय, पोहणं, पत्रावळ, चोरलेले पैसे, हे सगळं त्या कण्याला धरून आहे. आई पोराला ताठ मानेनं जगायला शिकवते, कारण घराची मान खाली जायची वेळ आलेली तिला दिसतेय. कर्ज काढून टाकलं की उरतात नुसते सुविचार. फळ्यावर रोज लिहायचे आणि दुसऱ्या दिवशी पुसायचे.

आता मी हे एवढं तावातावाने का बोलतोय ते सांगतो.

हा सिनेमा मी पहिल्यांदा दूरदर्शनवर पाहिला. आमच्या वाडीत तेव्हा एकच टीव्ही, तोही शेजाऱ्यांकडे, अँटेना पोफळीला बांधलेली. मी आठ-नऊ वर्षांचा. सगळी वाडी ओटीवर. आई माझ्या मागे बसली होती, पदराने डोळे पुसत होती, सगळ्याच बायका पुसत होत्या. कर्जाची बोलणी सुरू झाली आणि आई उठली. मी म्हटलं, “आये, बस ना, संपला नाय अजून.” ती म्हणाली, “मला भाकऱ्या थापायच्यात. तू बघ.” आणि अंधारातून पाखाडी उतरून गेली. मला वाटलं, आईला सिनेमा आवडला नाही.

वीस वर्षांनी कळलं. बाबांनी विहिरीसाठी एका संस्थेचं कर्ज काढलं होतं. विहिरीला पाणी लागलं ते डिसेंबरपर्यंत टिकणारं, नंतर कातळ. हप्ते थकले. त्याच आठवड्यात वसुलीवाला येऊन आमच्या खळ्यात दोन तास बसला होता. बाबा मुद्दाम जंगलात निघून गेले होते. आईने त्याला चहा दिला. चहा पिऊन झाल्यावर तो जे बोलला ते आईने आजवर मला सांगितलेलं नाही. काकीने अर्धंमुर्धं सांगितलं. आईची बोरमाळ त्यानंतर आम्ही कधी पाहिली नाही. आम्हाला सांगितलं होतं की गणपतीत हरवली.

श्यामच्या आईने निदान त्या माणसाला खडसावलं. माझ्या आईला तेवढंही जमलं नाही, आणि जमलं नाही हीच तिला लाज. म्हणून ती उठून गेली. सिनेमा तिला आवडला नव्हता असं नाही, तो नको इतका कळला होता. तुमच्यापैकी किती जणांच्या आया अशा उठून गेल्या असतील?

म्हणून कालचं ते पुढे पळवणं मला झोंबलं. जो भाग “मुलांना जड जातो” म्हणून काढला, तो त्या सतरंजीवर बसलेल्या निदान पाच-सहा पोरांच्या घरी आत्ता चालू आहे. मला घरं माहीत आहेत.

हप्तेवाले आता दुचाकीवरून येतात. पाठीला बॅग, हातात टॅब. वाडीतल्या दहा-बारा बायकांचा गट, एकमेकींना जामीन. एकीचा हप्ता चुकला की बाकीच्या अकरा जणींना उठायचं नाही. मी स्वतः पाहिलंय, आंब्याखाली दुपारी दोनपासून बसवलेल्या बायका, दिवेलागण झाली तरी बसलेल्या. जिचा हप्ता चुकला ती आतल्या खोलीत तोंड लपवून, आणि बाहेर शेजारणीच तिला शिव्या घालतायत. सावकाराने आपल्या तोंडाने बोलायचीही गरज राहिली नाही.

आता नियम काय आहे? रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये मायक्रोफायनान्सच्या कर्जांसाठी नियमावली काढली. सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी सहानंतर वसुलीसाठी फोन करायचा नाही. धमकी नाही, अर्वाच्य बोलणं नाही, कर्जदाराच्या नातेवाईकांना किंवा शेजाऱ्यांना त्रास देणं नाही. वसुली ठरलेल्या एका ठिकाणी करायची. कर्जदार लागोपाठ दोनदा किंवा जास्त वेळा तिथे आली नाही, तरच घरी जायची मुभा. घराच्या महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्याहून जास्त रक्कम हप्त्यांत जाईल इतकं कर्ज द्यायचंच नाही. आणि हे कर्ज विनातारण, म्हणजे दागिना, जागा, काही अडकवून घ्यायचं नाही. हे सगळं कागदावर आहे. आमच्या कुठल्या ग्रामपंचायतीच्या फलकावर तुम्ही हे वाचलंय? मी नाही वाचलं. फलकावर अभिनंदनाचे फोटो असतात.

कोणी म्हणेल, पत्रकार कर्ज बुडवायला शिकवतोय. अजिबात नाही. कर्ज फेडायलाच हवं. पतसंस्थेतला पैसा हा पण कोणाच्या तरी आईचाच असतो, काजू विकून ठेवलेला. संस्था बुडाल्या की तीच म्हातारी माझ्याकडे पावती घेऊन येते. मुद्दा एवढाच की फेडण्याची एक रीत असते आणि वागवण्याची पण एक रीत असते. श्यामची आई सावकाराच्या माणसाला तुमचे पैसे देणार नाही असं म्हणत नाही. घरात येऊन असं बोलायचं नाही, एवढंच तिचं म्हणणं. नव्वद वर्षं झाली त्या पुस्तकाला.

आता माझ्यावर येतो, कारण दुसऱ्यावर बोट दाखवणं सोपं आहे.

तालुक्याच्या बातमीदाराला पगार किती असतो ते तुम्हाला सांगायला नको. आमची चूल जाहिरातींच्या कमिशनवर पेटते. दहावी-बारावीचा निकाल, वाढदिवस, निवडणूक आणि नोटिसा. कर्ज थकलं आणि घर किंवा दुकान तारण असलं, की २००२ च्या सरफेसी कायद्याखाली बँक आधी साठ दिवसांची नोटीस देते. तरी पैसे आले नाहीत तर मालमत्तेचा ताबा घेते. आणि ताब्याची नोटीस दोन वर्तमानपत्रांत छापावी लागते, त्यातलं एक स्थानिक भाषेतलं. कर्जदाराचं नाव, बापाचं नाव, गाव, घर नंबर, चतुःसीमा, थकबाकी, सगळं. सोनं तारण असेल तर लिलावाची वेगळी जाहिरात. पतसंस्थेचं असेल तर सहकार कायद्याच्या कलम १०१ चा वसुली दाखला, त्याची जप्ती वेगळी.

गुरुजींच्या वेळी दवंडी पिटत. आता मी पिटतो. चौकोन जेवढा मोठा तेवढं माझं कमिशन मोठं.

तीन वर्षांपूर्वी अशाच एका नोटिशीचा मजकूर माझ्या व्हॉट्सॲपवर आला. नाव वाचलं तर माझ्या वर्गातला मुलगा. पाचवी ते दहावी एका बाकावर. मुंबईतली नोकरी गेली, गावी येऊन टेम्पो घेतला, घर तारण ठेवलं. मला आधी वाटलं, फोन करावा. मग वाटलं, काय सांगू? उद्या तुझं नाव छापून येतंय आणि त्यात माझे इतके रुपये? फोन केला नाही. नोटीस छापून आली. त्याची आई नंतर एकदा एसटी स्टँडवर भेटली. मला बघून हसली, “बरा हायस ना रे?” म्हणाली. तिला माहीत होतं की नव्हतं, मला आजही कळलेलं नाही.

तर कालच्या पाहुण्यांवर मी हसतोय, पण मी काय फार वेगळा नाही.

आता एक अवघड गोष्ट. आमच्याच मित्रमंडळींत काही जण म्हणतील, अरे, तू त्या खोताच्या घराचं काय रडगाणं लावलंयस? तुझा आजा खोताच्या खळ्यावर माप घालत होता ते विसरलास? नाही विसरलो. माझे आजे अर्धेलीने जमीन कसत होते, वर वेठ वेगळी. खोत ओटीवर, आम्ही खळ्यात. रत्नागिरी जिल्ह्यातल्या कुळांनी काय सोसलं ते कुठल्याही सिनेमात आलेलं नाही. ही खोती मोडावी म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १७ सप्टेंबर १९३७ ला मुंबईच्या विधिमंडळात विधेयक मांडलं. १० जानेवारी १९३८ ला कोकणातले हजारो शेतकरी मुंबईत मोर्चाने गेले. कायदा व्हायला १९४९ साल उजाडलं. खोताच्या घरावर जप्ती आली हे ऐकून माझ्या आज्याने डोळे पुसले असते का? मला नाही वाटत. कदाचित बरं झालं असंच म्हणाला असता.

आणि त्याच पुस्तकात महारणीच्या मोळीचा प्रसंग आहे. म्हाताऱ्या बाईच्या डोक्यावर मोळी चढवून दे, असं आई श्यामला सांगते. चांगुलपणा आहे. पण घरी येऊन आंघोळ कर, असंही सांगते. गुरुजींनी ते लपवलं नाही. आईवर एवढा जीव असलेल्या लेकाने आईची मर्यादा जशीच्या तशी लिहिली आणि नंतर स्वतः पंढरपूरच्या दारात उपाशी बसला. याला मी प्रामाणिकपणा म्हणतो. हे पोरांना सांगा की! आईचं ऐका, आणि आई जिथे थांबली तिथून पुढे जा. पण असं सांगायला लागलं की पोरं प्रश्न विचारतील, आणि प्रश्न विचारणारी पोरं स्नेहसंमेलनाला सोयीची नसतात.

जुना, गाजलेला सिनेमा म्हणजे देव्हाऱ्यातला टाक नव्हे. हॉलिवूडचं बघा. ‘गॉन विथ द विंड’ नाव ऐकलं असेल. मार्गारेट मिचेलची १९३६ ची कादंबरी, १९३९ चा सिनेमा. तीही घराची आणि जमिनीचीच गोष्ट. युद्धात सगळं गेलेली नायिका वडिलोपार्जित जागेवरच्या कराचे तीनशे डॉलर कुठून आणू म्हणून पडद्याचा झगा शिवून पैसे मागायला जाते. आपल्याकडच्या कुठल्याही बाईला कळेल ती तडफड. पण त्याच सिनेमात काळ्या माणसांची गुलामी गोड करून दाखवलीय. त्यात मोलकरणीचं काम करणारी हॅटी मॅकडॅनियल ऑस्कर मिळवणारी पहिली कृष्णवर्णीय कलाकार ठरली, पण अटलांटा शहरातल्या पहिल्या खेळाला तिला जाता आलं नाही, कारण तिथे गोऱ्या-काळ्यांची बसायची जागा वेगळी. ऑस्करच्या रात्रीसुद्धा तिचं टेबल बाजूला. यावर तिकडे ऐंशी वर्षं भांडणं चालू आहेत. २०२० मध्ये एका कंपनीने तो सिनेमा आपल्या यादीतून काही दिवस काढला आणि मग सुरुवातीला एका अभ्यासक बाईंचं निवेदन जोडून पुन्हा ठेवला, अख्खाच्या अख्खा. मला ते पटलं. सिनेमा पूर्ण दाखवा आणि वर बोला. आपण काय करतो? बोलत काहीच नाही आणि सिनेमा अर्धा दाखवतो.

अत्रे असते तर त्यांनी आपल्या सगळ्यांची सालटी काढली असती. त्यांच्या ‘श्यामची आई’ला १९५४ मध्ये पहिलं राष्ट्रपती सुवर्णपदक मिळालं. देशातला सर्वोत्तम चित्रपट म्हणून, मराठीतला म्हणून नव्हे. हे दर जयंतीला सांगतात. पण त्याच अत्र्यांनी लगेच पुढच्या वर्षी ‘महात्मा फुले’ काढला आणि त्यालाही राष्ट्रपतींचं रौप्यपदक मिळालं, हे किती शाळांत सांगतात? तो सिनेमा कुठल्या शाळेने चादर लावून दाखवलाय? ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिणारा माणूस, सावकार आणि कारकून मिळून कुणब्याला कसे नागवतात हे १८८३ मध्ये लिहून ठेवणारा माणूस. एका दिग्दर्शकाचे लागोपाठचे दोन सिनेमे. एक आपण उचलला, एक खाली ठेवला. उचलला त्यातलाही कर्जाचा भाग खाली ठेवला. हे योगायोगाने होत नाही.

२०२३ मध्ये सुजय डहाकेंनी पुन्हा ‘श्यामची आई’ केला. तोही काळा-पांढराच, ओम भूतकर साने गुरुजींच्या भूमिकेत. त्याला सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पुरस्काराचं अभिनंदन आपल्या सगळ्या ग्रुपांवर फिरलं. ज्यांनी फिरवलं त्यांतल्या किती जणांनी सिनेमा पाहिला, हे विचारत नाही. उगाच वाद नको.

पाहुण्यांचं राहिलं. नाव घेणार नाही, ते नावासाठी आलेलेच होते. त्यांच्या धंद्याला माझा विरोध नाही. जमीन विकूच नका असं म्हणणारा मी नाही, जमीन विकून मोकळे होऊ असं खुद्द श्यामची आईच म्हणाली होती. पण ती एक तुकडा विकून घर वाचवायला बघत होती. आमच्याकडे माचाळच्या बाजूला, हायवेच्या कडेला, धरणांच्या वरच्या अंगाला काय होतं? आधी हप्ता थकतो. मग वाडीतलाच कोणीतरी ओळखीचा सांगतो की अमक्याला भेट. मग मुंबईतल्या सहहिस्सेदारांच्या सह्या गोळा होतात, ज्यांनी वीस वर्षांत सातबारा पाहिलेला नाही. मग एक दिवस दांडगं गेट लागतं आणि म्हातारी बकऱ्या घेऊन लांबून जायला लागते. विकणाऱ्याच्या हातात कर्ज फेडून उरतं काय? एक मोटारसायकल. घाईत विकलेल्या जमिनीला भाव मिळत नसतो, आणि ती घाई कोण लावतं ते ज्याने त्याने आपल्या मनाशी बघावं. असा माणूस त्या पोरांना श्यामच्या आईचे संस्कार सांगत होता आणि आम्ही टाळ्या वाजवत होतो. मी पण वाजवल्या. हातात गुलाब होता म्हणून जोरात वाजल्या नाहीत, इतकंच.

शाळांना माझं सांगणं आहे. पुढच्या वेळी वेळ कमी असेल तर भाषण कापा, सिनेमा कापू नका. जप्तीचा भाग लागला की लाईट लावून पोरांना विचारा, हे तुमच्या घरी घडलंय का? हात वर करायला लावू नका, फक्त विचारा आणि थोडा वेळ गप्प बसा. चौथीच्या पोराला हे जड जात नाही. तो घरी दाराआड उभा राहून सगळं ऐकत असतो. त्याला वाटत असतं की हे फक्त आपल्याच घरी होतं, आपलाच बाप नालायक. श्यामच्या घरी पण झालं होतं, आणि तो श्याम पुढे साने गुरुजी झाला, एवढं त्याला कळलं तरी त्याची मान जरा वर होईल. सिनेमाचं आणखी काय काम असतं?

माझ्यापुरतं मी ठरवलंय ते लिहून ठेवतो, म्हणजे पुढे तुम्ही मला विचारू शकाल. ११ जून हा गुरुजींचा स्मृतिदिन. तोवर वाट बघणार नाही. गावपूजा झाल्या की आमच्या वाडीच्या सभामंडपात मी अख्खा सिनेमा लावणार आहे, एक सेकंद न कापता. प्रोजेक्टर भाड्याने मिळतो, विचारून झालंय. पाहुणे नाहीत, शाल नाही. आईला पहिल्या रांगेत बसवणार. उठून गेली तर जाऊ दे, या खेपेला मी तिच्याबरोबर उठेन.

आणि नोटिसांचं. कमिशन सोडून देईन अशी फुशारकी मारत नाही, घर चालवायचंय. पण इथून पुढे माझ्या हातात ओळखीच्या किंवा बिनओळखीच्या कोणाचीही ताबा नोटीस आली, तर ती छापायला जायच्या आधी मी त्या माणसाला फोन करणार. त्याला सांगणार की ताब्याच्या कारवाईविरुद्ध कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे जायला पंचेचाळीस दिवस असतात. ते काही लांज्यात नाही, पण आहे. शेतजमिनीला सरफेसी लागत नाही. विनापरवाना सावकाराने जमीन लिहून घेतली असेल तर २०१४ च्या सावकारी कायद्याखाली जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करता येतो, जमीन परत मिळाल्याची उदाहरणं राज्यात आहेत. बायकांना मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो, तालुका विधी सेवा समितीकडे साधा अर्ज लागतो. फायनान्सवाला अद्वातद्वा बोलला तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार, तिथे महिनाभर दाद लागली नाही की रिझर्व्ह बँकेचा लोकपाल. त्यासाठी १४४४८ वर फोन करता येतो, तक्रारीला पैसे पडत नाहीत.

ज्याच्या घरी असं काही पाकीट आलं असेल त्याने ते कपाटात कपड्यांखाली ठेवू नका. फाडू नका. तारखेसकट, पाकिटासकट घेऊन या. मी रोज संध्याकाळी पाचनंतर बाजारपेठेत असतो, कुठे ते तुम्हाला माहीत आहे. बायकांना माझ्याशी बोलायला संकोच वाटत असेल तर माझ्या घरी या, आई असते. तिला चहा करायला सांगू नका, ती आपणहून करते.